एनव्हीएम आहे, पण टर्मिनलला दिसत नाही

प्रश्न : मॅकबुकवर नोडसाठी एनव्हीएम इन्स्टॉल केले. होम फोल्डरमध्ये ‘.एनव्हीएम’ दिसते, ते पाथमध्येही जोडले. तरी टर्मिनल ‘कमांड नॉट फाउंड’च म्हणते. सुडो लावून पुन्हा करू का? – एक वाचक

उत्तर : सुडो अजिबात नको, फाइलींची मालकी रूटकडे गेली की परवानग्यांची नवी डोकेदुखी सुरू होईल. फोल्डर आहे, म्हणजे इन्स्टॉलेशन बहुतेक नीट झाले आहे. पण एनव्हीएम ही पाथमध्ये सापडणारी प्रोग्राम-फाइल नव्हे, ते शेलमध्ये लोड होणारे फंक्शन आहे, त्यामुळे पाथमध्ये कितीही भर घातली तरी उपयोग शून्य. ते लोड करणाऱ्या ओळी शेलच्या सुरुवातीच्या फाइलीत लागतात. आधीच उघडी असलेली खिडकी त्या वाचत नाही, म्हणून प्रथम नवे टर्मिनल उघडून पाहा. तरीही तेच? मग लक्षात घ्या, २०१९च्या कॅटालिनापासून मॅकचा मूळ शेल बॅशऐवजी झेडशेल आहे आणि त्याची ‘.झेडएसएचआरसी’ फाइल अनेकदा नसतेच. मग एनव्हीएमची इन्स्टॉल स्क्रिप्ट त्या ओळी लिहिणार कुठे? होम फोल्डरमध्ये ती रिकामी फाइल तयार करा आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवा. ‘दोनदा चालवल्याने बिघडेल’ ही भीती नको, आधीच्या ओळी असतील तर ती दुसऱ्यांदा लिहीत नाही. पाथमधली तुमची भर मात्र काढून टाका.