नवं विकायचंय? आधी गिऱ्हाईकाचं जुनं काम सांभाळा : आयबीएम ३६०चा धडा



"तुमचा माल चांगला आहे हो, पण आमचं जुनं चालू आहे ना, आता कुठे बदलायचं?" धंद्यात हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. अशा गिऱ्हाईकाला बहुतेक वेळा किंमत नडत नाही, बदलाची कटकट नडते. मग आपण काय करतो? डिस्काउंट देतो! म्हणजे आजार एक आणि औषध दुसरंच.

हीच अडचण एकदा आयबीएमसारख्या मोठ्या कंपनीसमोर आली होती. त्यांनी ती कशी सोडवली, ते आज समजून घेऊ.

अडचण काय होती?

१९५९ साली आयबीएमने १४०१ नावाचा कॉम्प्युटर जाहीर केला. तो तुफान चालला, दहा हजारांहून जास्त मशीन बनली. कंपन्या त्यावर पगारपत्रक, बिलं, स्टॉक असं रोजचं काम करायच्या. त्यासाठीचे प्रोग्राम प्रत्येकाने खर्च करून, माणसं बसवून लिहून घेतले होते.

मग ७ एप्रिल १९६४ला आयबीएमने सिस्टीम/३६० ही मेनफ्रेमची नवी मालिका आणली. लहान मॉडेल घ्या, धंदा वाढला की मोठं घ्या, प्रोग्राम तेच चालतील, अशी तिची कल्पना. पण एक गोची होती. ३६०ची आतली भाषा १४०१पेक्षा पूर्ण वेगळी होती. जुने प्रोग्राम त्यावर सरळ चालणारच नव्हते.

आणि स्पर्धक काही झोपले नव्हते. डिसेंबर १९६३मध्येच हनीवेलने २०० हे मॉडेल जाहीर केलं होतं. सोबत 'लिबरेटर' नावाची सोय, म्हणजे १४०१चे प्रोग्राम त्यांच्या मशीनवर आणायचा सोपा रस्ता. आता गिऱ्हाईकाच्या जागी बसून बघा. आयबीएमकडे राहिलं तर सगळं पुन्हा लिहायचं आणि हनीवेलकडे गेलं तर थोडक्यात भागतंय. तुम्ही कुठे गेला असता?

तोड काय काढली?

तोड होती इम्युलेशन. म्हणजे नव्या मशीनने जुन्या मशीनसारखं वागायचं.

हॉटेलचं उदाहरण घ्या. नवा आचारी आला, मेनू बदलला, पण जुनी गिऱ्हाइकं जुन्याच नावाने ऑर्डर देतात. एक उपाय म्हणजे मध्ये दुभाषा उभा करायचा. काम होतं, पण प्रत्येक ऑर्डरला वेळ जातो. नुसत्या सॉफ्टवेअरने जुन्या मशीनची नक्कल केली की हेच व्हायचं, काम फार हळू चालायचं. दुसरा उपाय म्हणजे आचाऱ्यालाच दोन्ही मेनू पाठ करून द्यायचे.

आयबीएमने दुसरा उपाय केला. ३६०च्या बहुतेक मॉडेलमध्ये प्रोसेसरच्या आत मायक्रोकोड असायचा. कुठली आज्ञा आली की काय करायचं, याच्या बारीक सूचना म्हणजे मायक्रोकोड. त्यातच १४०१च्या आज्ञांची भर घातली. त्यामुळे लहान मॉडेल ३०वर जुने प्रोग्राम न बदलता चालायला लागले, तेही बरेचदा मूळ मशीनपेक्षा वेगात. मोठ्या मॉडेल ६५वर ७०९०सारख्या मोठ्या जुन्या मशीनच्या प्रोग्रामचीही सोय मिळाली.

गिऱ्हाईकाला ही खात्री मिळाली : आज मशीन बदला, उद्या सकाळी पगारपत्रक निघेल. नवे प्रोग्राम सवडीने लिहा.

पण याची दुसरी बाजूही बघा

सवडीने म्हटलं की काय होतं, तुम्हाला माहीत आहे! बऱ्याच कंपन्या नव्या मशीनवर वर्षानुवर्षं १४०१चेच प्रोग्राम चालवत बसल्या. नव्या मशीनचे पैसे भरले, पण वापर जुन्याचाच. आणि प्रोग्राम लिहिणारा माणूस एकदा सोडून गेला की त्यात बदल कोण करणार?

म्हणून इम्युलेशनला पूल समजा. पुलावर घर बांधायचं नसतं.

आपल्या धंद्यात कसं वापरायचं?

विकताना :
१. गिऱ्हाईकाला विचारा, "बदललं तर तुमचं कुठलं काम अडेल?" उत्तर लिहून घ्या.
२. ते काम पहिल्या दिवसापासून चालू राहील याची सोय तुम्ही करा. खातेवही असो, उधारीची यादी असो की जुन्या मापाचे सुटे भाग. डिस्काउंटचं नंतर बघू.

स्वतःच्या दुकानात बदल करताना :
१. जुनं बिलिंग सॉफ्टवेअर डॉसच्या काळातलं असेल, तर ६४ बिट विंडोजवर ते सरळ चालत नाही. डॉसबॉक्ससारखा इम्युलेटर किंवा व्हर्च्युअल मशीन वापरून बघा. आधी डेटाचा बॅकअप घ्या आणि प्रिंट नीट निघते का तेही तपासा.
२. निदान एक महिना जुनं आणि नवं दोन्ही सोबत चालवा. दोन्हीकडचे हिशोब जुळले पाहिजेत.
३. जुनं बंद करायची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा. तारीख नसेल तर पूल कधीच संपत नाही.

आजचा गृहपाठ : गेल्या महिन्यात 'नाही' म्हणालेली तीन गिऱ्हाइकं आठवा. त्यांचं कुठलं जुनं काम अडणार होतं? एकेका ओळीत लिहा आणि या आठवड्यात त्यातल्या एकाला ती सोय घेऊन पुन्हा भेटा. काय झालं ते कमेंटमध्ये नक्की सांगा.

भेटू पुढच्या धड्यात!