पाण्याला न शिवता पाणी कसं मोजतात?

प्रश्न : मामाच्या गावी कालव्यात एका जागी काँक्रीटचं पात्र अरुंद केलंय. वर लोखंडी आडव्या दांडीवर खाली तोंड केलेली डबी आहे. ‘ही पाणी मोजते,’ असं पाटकरी म्हणाला. पाण्याला न लागता कशी मोजते? पावसाळ्यात गिरगावात तुंबणारं पाणीही ती मोजेल का?
– एक वाचक, फणसवाडी, मुंबई

उत्तर : डबी मोजते वेळ. आपल्या कानांना ऐकू न येणारा आवाज ती खाली सोडते. तो पाण्यावर आपटून परत येतो. २५ अंश सेल्सिअसला हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४६ मीटर जातो. पाणी २ मीटर खाली असेल, तर प्रतिध्वनी सेकंदाच्या शंभराव्या भागाहून थोड्या जास्त वेळात येतो. हवा १० अंशांनी तापली की आवाज सेकंदाला ६ मीटरने वेगवान होतो. हे हिशेबात धरलं नाही तर २ मीटरला साडेतीन सेंटीमीटरची चूक होते. म्हणून डबीत तापमापक असतो आणि तिच्यावर ऊन पडू नये म्हणून टोपी बसवतात.

एवढ्याने पाण्याची उंची कळली. सेकंदाला किती पाणी गेलं, हे ते अरुंद पात्र सांगतं. तिथे पाणी वेग घेतं, पुढे उसळतं आणि लाट एका जागी उभी राहते. मग अलीकडची उंची मोजली की प्रवाह ठरतो. याला पाटबंधारे खात्यातले लोक ‘स्टँडिंग वेव्ह फ्लूम’ म्हणतात. मुंबई प्रांताच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातले अभियंते क्लॉड इंग्लिस यांनी १९२८ मध्ये त्यावर तांत्रिक निबंध लिहिला. पुण्याजवळ खडकवासल्याची जलसंशोधन संस्था नावारूपाला आली ती त्यांच्याच काळात.

लहान चारीवर ९० अंशांची व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी V च्या आकाराची खाच असते. तिच्यावर २० सेंटीमीटर उंचीला सेकंदाला सुमारे २५ लिटर पाणी जातं, ४० सेंटीमीटरला सुमारे १४० लिटर! म्हणजे २० सेंटीमीटरला एका सेंटीमीटरची चूक झाली, तर प्रवाहात तेरा टक्क्यांची तफावत पडते. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्रात पाणी वापर संस्थांना पाणी घनमापाने मोजून द्यायचं ठरलं. नाशिककडच्या वाघाड धरणावरच्या शेतकऱ्यांनी तर त्याच्या कितीतरी आधी अशा संस्था उभ्या केल्या. त्यांच्यासाठी हे तेरा टक्के म्हणजे पिकाच्या पाण्याची एखादी पाळी. तेव्हा मामांना सांगा, डबीचा आकडा भिंतीवरच्या मोजपट्टीशी अधूनमधून ताडून पाहा. जलपर्णी अडकली, फेस साचला किंवा डबीच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणलं, की आकडा बिघडतो.

आता गिरगाव. पाणी पुढे मोकळं सुटत असेल, तरच उंचीवरून प्रवाह काढता येतो. मुंबईची बहुतेक पातमुखं, म्हणजे नाले समुद्राला मिळतात ती तोंडं, भरतीच्या पातळीखाली आहेत. भरतीला समुद्र वाट अडवतो. मग नाल्यात उंची वाढत जाते, प्रवाह मात्र थांबतो किंवा उलटा फिरतो. अशा वेळी डबीचा उंचीचा आकडा खरा, त्यावरून काढलेला प्रवाह चुकीचा. भरतीला अशी वाट अडते म्हणून तर पाणी उपसून समुद्रात टाकणारी हाजी अली, लव्ह ग्रोव्हसारखी उदंचन केंद्रं बांधावी लागली. अशा नाल्यात वाहतं पाणी मोजायचं, तर उंचीबरोबर वेगही मोजायला हवा. पाण्याला न शिवता तो मोजणारी रडार यंत्रंही मिळतात.

तुंबलेलं पाणी मोजायला मात्र नुसती उंची पुरते. पाणी साचणाऱ्या काही ठिकाणी आयआयटी मुंबईने पातळी कळवणारी यंत्रं बसवली आहेत. घरातून निघण्याआधी रस्त्यावर किती पाणी आहे हे कळायला तेवढं पुरे.