हाताला धरून चालवणारा पिता



मूल पहिले पाऊल टाकते तेव्हा आई-बाप कमरेत वाकतात, त्याचे हात धरतात आणि त्याच्या चालीने चालतात. मोठे झाल्यावर मुलाला यातले काहीच आठवत नाही. पण ते चालायला शिकले त्या हातांमुळेच.

संदेष्टा होशेय याने देवाचे हेच चित्र आपल्यापुढे ठेवले आहे. इ.स.पूर्व ८व्या शतकात इस्राएलच्या उत्तर राज्यात तो देवाचा शब्द सांगत होता. त्याच्या ग्रंथाच्या ११व्या अध्यायात देव एखाद्या बापासारखा बोलतो. लहानग्या इस्राएलवर आपण प्रेम केले, त्याला मिसर देशातून बोलावले, हाताला धरून चालायला शिकवले, वाकून घास भरवला, असे तो आठवतो. पण जितके बोलावले तितके ते लेकरू दूर पळाले आणि बआल दैवतांच्या नादी लागले. पुढे इ.स.पूर्व ७२२च्या सुमारास अश्शूरांनी शोमरोन जिंकले व ते राज्य बुडाले. तरीही त्याच अध्यायात देवाचे काळीज कळवळते. लेकराला टाकून देणे त्याला जमत नाही. येशूच्या पवित्र हृदयाच्या सणाला 'ब' वर्षी आपण हेच वाचन ऐकतो.

आपल्यापैकी काही जण विचारतात, “देव प्रेमळ आहे, मग आज्ञा कशाला?” काही जण उलट शिक्षेच्या भीतीनेच आज्ञा पाळतात. दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटते. निर्गमच्या २०व्या अध्यायात दहा आज्ञा देण्यापूर्वी देव प्रथम आठवण देतो की, मी तुम्हांला गुलामगिरीतून सोडवले आहे. म्हणजे आधी प्रेम, मग आज्ञा. आज्ञा पाळून आपण देवाचे प्रेम विकत घेत नाही. मिळालेल्या प्रेमाला उत्तर देतो.

हिब्रू भाषेत 'शमा' या एकाच शब्दाचा अर्थ कानाने ऐकणे असाही होतो व आज्ञा मानणे असाही होतो. आपल्या मराठीतही तसेच आहे. “आईचे ऐक,” असे आपण म्हणतो तेव्हा नुसते कान देणे आपल्याला अभिप्रेत नसते. ज्याच्या मायेची खात्री असते, त्याचे ऐकणे सोपे जाते.

प्रभू येशूकडे पाहू या. गेथशेमाने बागेत, मरण समोर उभे असताना, त्याने पित्याला 'अब्बा' अशी घरगुती, जिव्हाळ्याची हाक मारली. हा प्याला टळावा, अशी विनवणी केली आणि त्याच प्रार्थनेत स्वतःला पित्याच्या इच्छेच्या स्वाधीन केले (मार्क १४:३६). त्याला दुःख झाले नाही असे नाही. पण पित्यावरचा त्याचा विश्वास दुःखापेक्षा मोठा होता.

आता आपल्या घराकडे वळू या. मिस्सामध्ये आपण शेजारच्या बाकावरील माणसाला शांती देतो. पण बांधावरून किंवा वडिलार्जित घरावरून सख्ख्या भावाशी धरलेला अबोला तसाच राहतो. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, अशी प्रभूची आज्ञा आहे (मत्तय ५:२३-२४). आपला न्याय्य हक्क सोडून द्या, असे तो येथे सांगत नाही. भावाला मात्र सोडू नका, असे नक्की सांगतो. हे अवघड आहे. “मीच का आधी जाऊ?” असे मन विचारते. अशा वेळी आठवावे की, आपण दूर पळालो तेव्हा देवानेच आधी आपल्याला बोलावले होते.

भावाच्या दारापर्यंतचे ते पहिले पाऊल टाकताना पाय लटपटतील. लटपटू द्या. चालायला शिकवणारा पिता आजही वाकून आपले हात धरायला तयार आहे.

या आठवड्यात चिंतनासाठी:
१. देवाची कोणती आज्ञा आपण केवळ भीतीपोटी पाळतो?
२. कोणाच्या दाराकडे पहिले पाऊल टाकायचे आपण टाळत आहोत?