मधूनच विझणारा मीटर

प्रश्न : जुन्या गाडीचा डिजिटल मीटर चालता चालता बंद पडतो, गाडी खड्ड्यात आदळली की पुन्हा लागतो. नवा घ्यावा का? (एक वाचक, तिरुवैयारु, जि. तंजावर)

उत्तर : हादऱ्याने बंद-चालू होणाऱ्या मीटरचा दोष सहसा चिपमध्ये नसतो, जोडणीत असतो. आधी फ्यूज, बॅटरीची टोके आणि अर्थिंग पाहावे. इंजिन चालू असताना मीटरच्या कनेक्टरवर सुमारे १४ व्होल्ट मिळायला हवेत. कावेरीकाठच्या दमट हवेत पिनांवर हिरवट थर चढू शकतो. तो कॉन्टॅक्ट क्लीनरने जातो. तरीही फरक नसेल, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून मीटर उघडावा. सर्किट बोर्डावर कनेक्टरच्या पिनांना दिलेले सोल्डरचे डाग उष्णतेने आणि हादऱ्यांनी तडकतात. पिनेभोवतीची ती केसासारखी गोल भेग भिंगाशिवाय दिसत नाही, म्हणूनच चांगले मीटर भंगारात जातात. जुने सोल्डर शोषून काढावे, फ्लक्स लावून नवा डाग द्यावा. फुगलेले कपॅसिटर बदलावेत. मीटरला काटे असतील, तर ते विनाकारण उपटू नयेत. त्यांच्याखालच्या मोटरी नाजूक असतात. दुसऱ्या गाडीचा मीटर बसवल्यास बहुधा तिचेच किलोमीटर दिसतात, कारण अनेक गाड्यांत तो आकडा मीटरच्याच मेमरीत असतो.