सलाईनच्या बाटलीविषयी

धाराशिव

चि. बाळ यास,

तुझे पत्र पोहोचले. वाशीस दवाखाना थाटून वर्षही लोटले नाही तोच, ऊसतोडीस निघण्यापूर्वी "एक बाटली लावून द्या, म्हणजे झटका यायचा नाही" असा आग्रह धरणाऱ्यांची रीघ लागते, आणि तू नकार दिलास की तीच माणसे शेजारच्या गल्लीत जाऊन पिवळी बाटली लावून घेतात, हे वाचून तुझ्या मनाची ओढाताण ध्यानी आली. लोकांची मुरवत राखण्यासाठी एखादी निरुपद्रवी बाटली दिली तर काय बिघडले, असे तू विचारतोस. पुष्कळ बिघडते.

अर्धा लिटर सलाईन म्हणजे साडेचार ग्रॅम मीठ विरघळलेले पाणी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढास दिवसाकाठी ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. तेव्हा आधीच रक्तदाब चढलेल्या, ठेचा-भाकरीवर राबणाऱ्या माणसाच्या शिरेत तू जवळजवळ दिवसभराचे मीठ वरकड ओतणार, आणि त्याचे हृदय दुर्बळ असेल तर तेच पाणी फुप्फुसांत साचून त्याला धाप लागणार. मग ही बाटली निरुपद्रवी कशी? ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. पिवळा रंग येतो तो जीवनसत्त्वांच्या इंजेक्शनाने. त्या रंगावर लोकांची श्रद्धा फार, परंतु धमनीत साचणारा मेद, कडक होत जाणारी तिची भिंत आणि चढता दाब यांपैकी एकावरही त्याचा अंमल चालत नाही. अमेरिकेत १४,६४१ डॉक्टरांपैकी निम्म्यांस रोज जीवनसत्त्वांची गोळी व निम्म्यांस तशीच दिसणारी औषधविरहित गोळी दहा वर्षांहून अधिक काळ दिली गेली. २०१२ साली निष्कर्ष आला तेव्हा हृदयविकार व पक्षाघात दोन्ही गटांत सारखेच आढळले.

शहरांतून शस्त्रक्रियेविना धमन्या मोकळ्या करण्याच्या नावाने ई.डी.टी.ए. या द्रव्याच्या बाटल्या देतात, त्यांचाही दाखला तुझ्यापुढे कोणी ठेवील. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १,७०८ रोग्यांपैकी सुमारे निम्म्यांस चाळीस वेळा हे द्रव्य व बाकीच्यांस औषधविरहित द्रव देऊन पाहिले, तेव्हा २०१३ साली किंचित लाभ, तोही मुख्यतः मधुमेह्यांत, दिसला होता हे खरे. परंतु केवळ मधुमेही रोगी घेऊन तीच चाचणी पुन्हा केली, तेव्हा २०२४ साली लाभ आढळला नाही. जुलाबाने कोरडा पडून शुद्ध हरपत चाललेला रोगी आला तर मात्र बाटली लावण्यात क्षणाचीही हयगय करू नकोस. तिचे कार्य तेथे आहे.

रोग्यास मूर्ख लेखू नकोस, ही माझी कळकळीची विनंती. मुकादमाची उचल घेऊन सहा-सहा महिने फडात कोयता चालवणाऱ्या बाईला, त्या खाटेवर, कोणीतरी "पडून राहा" म्हणते, नाडी पाहते, विचारपूस करते. असा अर्धा तास तिला घरी मिळत नाही, फडावर तर नाहीच. तो अर्धा तास तू तिला सुईवाचून दे. पाच मिनिटे निवांत बसवून, पाठीस आधार देऊन, दोनदा रक्तदाब मोज. मशेरी किती वेळा लावते ते न रागावता विचार. लघवी व साखर तपास. दाब खरोखर चढलेला असेल तर अॅम्लोडिपिनची एक स्वस्त गोळी दररोज घेतल्याने जे साधते, ते साऱ्या बाटल्यांनी साधणार नाही.

अडचण पुढेच आहे. टोळी कारखान्यावर गेली की गोळ्या संपतात, आणि "आता बरे वाटते" म्हणून घेणे थांबते. यासाठी प्रत्येकास दाबाचे आकडे, औषधाचे नाव व मात्रा ठळक मराठीत लिहिलेले कार्ड दे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते कार्ड दाखवून गोळी मागता येते, हे त्यांना समजावून सांग. सवड काढून तुळजापूर तालुक्यात अणदूरलाही जाऊन ये. हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावच्या स्त्रियांना शिकवून 'भारतवैद्य' म्हणून उभे केले, ते काम तुला उपयोगी पडेल.

दसरा झाला की टोळ्या निघू लागतील, त्याआधी कार्डे छापून घे. छपाईचा खर्च मी पाठवतो. दंडाच्या पट्ट्या मात्र दोन मापांच्या ठेव. लहान पट्टी जाड दंडावर बांधली तर दाब खोटाच चढलेला दिसतो.

सौ. वहिनींस नमस्कार.

तुझा
काका