वृद्धांची सेवा घरी: काम सर्वांचे, पण जबाबदारी कोणाची?

अभ्यासपाठ
शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये ६:१-७
(महिला संगती, तरुण संघ व कौटुंबिक प्रार्थनेत घेता येईल)



हिवरा आश्रमाला विवेकानंद जयंतीच्या उत्सवात ज्यांनी पंगत पाहिली आहे, त्यांना ते दृश्य विसरता येत नाही. शेतात ओळीने बसलेली हजारो माणसे, आणि ओळींमधून पुरी व वांग्याची भाजी घेऊन फिरणारे ट्रॅक्टर. आपण तिथे शेजारी म्हणून जातो आणि शेजाऱ्यांकडून शिकतो. इतक्या माणसांत कोणाचे पान रिकामे राहू नये असे वाटत असेल, तर कोणती ओळ कोणाची हे आधी ठरवावे लागते. नाहीतर पहिल्या ओळीत चारदा वाढले जाते आणि शेवटची ओळ तशीच उठते.

यरुशलेमच्या मंडळीत नेमके हेच झाले. शिष्य वाढत होते, रोजची वाटणी चालू होती, अन्नही होते. तरी ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवले नाही. 'आम्हीच सगळे करू' असेही म्हटले नाही. मंडळीला सात माणसे निवडायला सांगून ते काम त्यांच्याकडे सोपवले. त्या सातांची नावे पाहा: स्तेफन, फिलिप्प आणि इतर, सगळी ग्रीक नावे आहेत. ज्यांची आई-मावशी उपाशी राहत होती, त्यांची भाषा जाणणारे लोकच कदाचित पुढे केले गेले असावेत.

या पाठातून आपल्याला एकच गोष्ट शिकायची आहे. म्हातारे माणूस नेहमी कोणाला प्रेम नसते म्हणून मागे पडते असे नाही. पुष्कळदा त्याची ओळ कोणाची हेच ठरलेले नसते.

१. आमच्याकडून झालेली चूक

आपल्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या कुशीत भिलाला, बारेला, कोरकू, निहाल बांधवांच्या वस्त्या आहेत. हिवऱ्याहून खामगाव, नांदुरा ओलांडून आम्ही तिकडे सेवेला जातो. तिथल्या एका वस्तीवर सत्तरी ओलांडलेली एक भिलाला आजी आहे. पहाटे लघवीला उठली, चक्कर आली, पडली आणि मनगट मोडले. निरोप मिळाल्यावर आम्ही भेटायला गेलो.

"आजी, गोळ्या कोणत्या घेता?" मी विचारले. आजीला मराठी थोडीच येते. नातीने उठून कोपऱ्यातली कापडी पिशवी आणली आणि आमच्यापुढे उलटी केली.

रक्तदाबाची गोळी उपकेंद्रातली. साखरेची गोळी बाजाराच्या गावातल्या खाजगी डॉक्टरांची. गुडघ्यांसाठी दुखण्याची गोळी मुलाने मेडिकलमधून आणलेली, चिठ्ठीशिवाय, रोज दोनदा. आणि चौथे पाकीट आमच्याच शिबिरातले. तीही रक्तदाबाचीच गोळी, औषध तेच, फक्त कंपनी आणि रंग वेगळा. पांढरी सकाळची आणि गुलाबी संध्याकाळची, असे आजीने आपल्या मनाने ठरवून टाकले होते.

आजी केवळ त्यामुळेच पडली असे मी म्हणणार नाही. तिला अंधूक दिसत होते, उंबरठाही उंच होता. पण चार दारांनी तिला औषध दिले आणि ती पिशवी एकदा तरी पूर्ण पाहावी असे एकाही दाराला वाटले नाही. शिबिराच्या अहवालात आम्ही तिला 'लाभार्थी' म्हणून मोजलेही होते. ते आठवले की आजही मान खाली जाते.

२. एका देहात अनेक आजार

तरुणपणी आजार बहुधा एकेकटा येतो. म्हातारपणी रक्तदाब, साखर, गुडघे, डोळे, दम, कमी ऐकू येणे हे सगळे एकत्र राहायला येतात. मग एकाचे औषध दुसऱ्याला त्रास देते.

डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या तर रक्तदाब वाढू शकतो आणि किडनीला इजा होऊ शकते. आपल्या जिल्ह्यात याचे विशेष भान हवे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातील घराघरांना किडनीच्या आजाराचे दुःख माहीत आहे.

साखरेच्या काही गोळ्या उपाशी पोटी घेतल्या तर साखर एकदम खाली येते. घरची माणसे मजुरीला बाहेरगावी गेली, म्हातारी एकटी मागे राहिली, चूल पेटली नाही, पण गोळी मात्र आठवणीने घेतली, असे होते. मग घाम, थरथर, असंबद्ध बोलणे सुरू होते आणि शेजारी म्हणतात, बाहेरचे काहीतरी लागले. अशा वेळी माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर लगेच साखरेचे पाणी किंवा गूळ द्यावा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा.

म्हणून नुसते हृदय किंवा नुसते गुडघे पाहून भागत नाही. घर, चूल, उंबरठा आणि पिशवी पाहावी लागते. हे दवाखान्याच्या टेबलावरून दिसत नाही, त्यासाठी घरी जावे लागते. आणि हे सारे एकट्या माणसाला जमत नाही.

३. जामखेडने दाखवलेली वाट

हा मार्ग आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १९७० साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केले. तिथे तीन पायऱ्या होत्या : गावातली आरोग्यसेविका, गावोगाव फिरणारे पथक आणि जामखेडचे रुग्णालय. पथकात परिचारिका आणि सामाजिक कार्यकर्ते असत, गरजेप्रमाणे डॉक्टर येत.

गावातली सेविका गावानेच निवडलेली असे. पुष्कळ जणी निरक्षर होत्या, अनेक जणी दलित समाजातल्या होत्या. त्या नियमित जामखेडला येऊन शिकत आणि परत जाऊन गावाला शिकवत. क्षय आणि कुष्ठरोग यांसारख्या लांबणाऱ्या आजारांत माणसाला गावाबाहेर न काढता घरीच उपचार चालू ठेवता येतात, हे या बायकांनी करून दाखवले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्यासाठी यातला धडा असा. डॉक्टरांनी आपले ज्ञान कुलूपबंद ठेवले नाही. जिला घर माहीत आहे तिच्या हाती ते दिले, आणि तिने हाक मारली की पथक आणि रुग्णालय मागे उभे राहिले.

४. आपल्या वस्तीवर हे कसे करावे?

माणसे आहेतच, नवीन आणायची नाहीत. घरची सून, मुलगा किंवा नात. आशाताई. उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका आणि समुदाय आरोग्य अधिकारी. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर. आणि मंडळीतले दोन स्वयंसेवक, त्यांतला एक तरी त्या घरची भाषा बोलणारा. गावच्या भगताशीही भांडू नये. चक्कर, सूज, दम दिसला तर आम्हाला लवकर कळवा, अशी त्याला विनंती करावी. लोक आधी त्याच्याकडेच जातात.

या सर्वांना जोडणारी गोष्ट म्हणजे एक वही. ती दवाखान्यात नव्हे, आजीच्या घरी राहते. जो येईल तो आधी वाचेल, मग बोलेल, जाताना लिहील.

पहिल्या पानावर जबाबदार माणसाचे नाव. एकच नाव. बाकीचे त्याला कळवतील.
दुसऱ्या पानावर सर्व औषधे. प्रत्येकाचे रिकामे पाकीट चिकटवावे, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही ओळखता येते.
तिसऱ्या पानावर तारखेसह रक्तदाब, साखर आणि वजन.
चौथ्या पानावर घरातले : जेवण वेळेवर होते का, पडली का, पायाला जखम आहे का, झोप लागते का. साखर असलेल्यांचे तळपाय प्रत्येक भेटीत पाहावेत.
पाचव्या पानावर एकच प्रश्न : या माणसाला स्वतःला काय हवे आहे?

हे पाचवे पान आम्हाला त्या आजीनेच शिकवले. आम्ही साखरेविषयी बोलत होतो. ती नातीला काहीतरी म्हणाली आणि नात हसली. "ती म्हणते, मला माझ्या शेळ्यांपर्यंत जाऊ द्या."

मग कामाला दिशा मिळाली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी पूर्ण पिशवी पाहिली, रक्तदाबाची एकच गोळी ठेवली, दुखण्याची गोळी बंद केली आणि किडनीसाठी रक्त तपासायला सांगितले. मुलाने उंबरठ्याजवळ धरायला बांबू बसवला. आमच्या एका तरुणाने काठी आणली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. आशाताई पंधरा दिवसांनी वही पाहते. आजीचे आजार गेले नाहीत, गुडघे अजून दुखतात. पण ती सकाळी काठी टेकत शेळ्यांकडे जाते.

५. काय करू नये

वहीत चूक दिसली तरी स्वयंसेवकाने स्वतः गोळी बंद करू नये, सुरूही करू नये, डॉक्टरांना दाखवावी. शिबिरात जुनी औषधे पाहिल्याशिवाय नवीन देऊ नयेत. हा नियम आम्ही आता स्वतःला घालून घेतला आहे. सेवेच्या बदल्यात कोणत्याही अपेक्षेचे ओझे त्या घरावर टाकू नये. आणि सुनेला विसरू नये. रात्री उठणारी तीच असते. आठवड्यात दोन तास तिच्या जागी कोणी बसले, तर तीही सेवाच आहे.

सरकारी मदत जरूर मिळवून द्यावी. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मिळू शकतात. गरीब वृद्धांना श्रावणबाळ योजनेचे निवृत्तीवेतन आहे. पण कार्ड दाखल झाल्यावर उपयोगी पडते. रोजची गोळी, धुतलेले पाय आणि वेळेवरची भाकरी हे घरीच घडते, आणि ती आपली ओळ आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत आणि शेजारी एकापेक्षा जास्त आजार असलेले वृद्ध किती आहेत? नावे लिहा.
२. त्यांतल्या प्रत्येकाची पिशवी गेल्या सहा महिन्यांत कोणी पूर्ण पाहिली आहे का?
३. यरुशलेमच्या मंडळीने तक्रार ऐकली. आपल्याकडे कोणाची तक्रार भाषेमुळे आपल्यापर्यंत पोहोचत नाही?
४. पुढच्या रविवारपर्यंत एका घरासाठी एक वही आणि एक जबाबदार माणूस ठरवता येईल का?

प्रार्थना

हे प्रभू, ज्यांचे पान आमच्या घाईत रिकामे राहिले त्यांच्यासाठी आम्हाला क्षमा कर. वृद्धांची सेवा करणाऱ्या सुनांना, आशाताईंना आणि परिचारिकांना बळ दे. आमची ओळ आम्हाला दाखव, आणि ती शेवटपर्यंत वाढण्याची चिकाटी दे. आमेन.