स्वनिर्मितीविषयीचे भाष्य : ज्ञानेश्वरीतील संकोच आणि सावधपणा

आपल्याच निर्मितीविषयी बोलताना लेखकाला अपराधी का वाटावे, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे बहुधा आधुनिक लेखकांच्या मनोगतांच्या आधारे केला जातो. श्रीरामपुरात बसून तो करणाऱ्या अभ्यासकाला इतके दूर जाण्याचे कारण नाही. शेजारच्याच तालुक्यात, नेवासे येथे, शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत कवी स्वतःच्या रचनेविषयी वारंवार बोलतो, आणि बोलता बोलता बहुधा एक पाऊल मागे सरतो.

ही केवळ विनयाची रूढी होय, असे सामान्यतः मानले जाते. त्यास आधार आहेच. 'रघुवंशा'च्या आरंभी कालिदासाने लहानशा तराफ्याने समुद्र तरण्याचा दृष्टान्त योजला आहे. ज्ञानेश्वर पहिल्या अध्यायात चोचीने सागर मापणारी टिटवी आणतात. परंतु कालिदासाला धास्ती आहे ती हसे होण्याची. ज्ञानेश्वरांना टोचते ते निराळे : सर्वज्ञांच्या सभेत आपण त्यांचेच अवधान मागावे, ही आगळीक.

नवव्या अध्यायाचा आरंभ या दृष्टीने बारकाईने वाचण्याजोगा आहे. श्रोत्यांनी एकवार अवधान द्यावे, ते सर्व सुखास पात्र होतील, अशी प्रतिज्ञाच कवी करतो. लगेच पुढच्या ओवीत ही प्रौढी नव्हे, सलगीची विनवणी आहे, असा खुलासा येतो. प्रतिज्ञा मात्र तो मागे घेत नाही. सूर्याला वातीने ओवाळणे व समुद्राला ओंजळभर पाण्याचे अर्घ्य देणे अनुचित असूनही लोक ते करतातच, हा त्याचा युक्तिवाद. अपराध मान्य करावयाचा आणि त्यालाच पूजेचे रूप द्यावयाचे, ही येथील युक्ती. तिला नुसती नम्रता म्हणणे अपुरे वाटते.

तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवेचन लांबल्यावर तो विस्ताराचाही जाब स्वतःच देतो. सहाव्या अध्यायात मात्र मराठी बोल अमृताशी पैज जिंकील, असे म्हणताना संकोच औषधालाही नाही. स्वतःच्या अधिकाराविषयी साशंक असलेला कवी भाषेविषयी निःशंक आहे.

ग्रंथाच्या अखेरीस कर्तृत्वाचे श्रेय निवृत्तिनाथांकडे जाते. 'लेखक' हा शब्दही तेथे ज्ञानेश्वरांना नव्हे, तर ग्रंथ उतरवून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांना लावलेला आहे.